एकोणिसावा बाक

मित्रांनो, मी एक जुना अर्धा बाक आहे. हसू नका. जन्मलो तेव्हा पुरता होतो, चार माणसं ऐसपैस बसतील एवढा. अर्धा मला माणसांनी केला, आणि तेही देवाच्या घरातल्या माणसांनी.

मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. लाकडाला कसला धर्म, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याने मला बनवलं तो सुतार प्रार्थना म्हणतच रंधा मारायचा, आणि बनल्याबरोबर मी प्रार्थनामंदिरात गेलो. पुढची चाळीस वर्षं मी एकही उपासना चुकवली नाही. उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा एवढं म्हणू शकणार नाहीत.

मंदिरात आम्ही एकोणीस बाक होतो. नऊ डावीकडे, नऊ उजवीकडे आणि मी एकटा मागे, दाराला लागून. मला मागे ठेवलं ते मोठ्या बाईंनी. त्या सुताराच्या थोरल्या बहीण. तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या, पुढे निवृत्त झालेल्या, सडसडीत, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत यावा. त्यांनी एक रीत पाडली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. ज्या दोघांचं एकमेकांशी बिनसलं असेल त्यांनी आधी माझ्यावर येऊन बसायचं, आपसात मिटवायचं आणि मगच पुढे भाकरी घ्यायला जायचं. बाकीच्यांनी मागे वळून बघायचं नाही. कुणी गाल फुगवून दिसलं की बाई एवढंच म्हणायच्या, "बाकावर जाऊन या."

माझ्यावर काय काय मिटलं म्हणून सांगू! एकदा एक नणंद-भावजय आल्या. उसन्या नेलेल्या शिलाई मशीनची सुई मोडून परत आली होती, एवढंच कारण. दोघी दोन टोकांना, तोंडं फिरवून, मूग गिळून बसलेल्या. तीन गीतं झाली, उपदेश झाला, तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, पाय बधिर झाला हो." नणंदेला हसू फुटलं आणि भांडण तिथेच संपलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. पुढच्या बाकांवर माणसं नुसती बसत, माझ्यावर ती जुळत.

बाईंचं मनगटी घड्याळ जुनं होतं, ते वरचेवर बंद पडायचं. म्हणून त्यांचं घड्याळवाल्याच्या दुकानात जाणं-येणं होतं. हा घड्याळवाला एकटा जीव, तोंडाने फटकळ, कुठल्याच देवाच्या दारात न जाणारा. बाईंनी त्याला कधी उपदेश पाजला नाही. त्यानेच एक दिवस विचारलं, "काय हो बाई, तुमच्याकडे सगळे गोडगोडच वागतात का?"

"छे हो, चांगले भांडतो," बाई म्हणाल्या. "पण मिटवतो."

"ते बघायला येईन एकदा."

आणि आला. दाराशी होतो म्हणून माझ्यावरच बसला. मग दर रविवारी येऊ लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी भांडणाऱ्या जोड्यांसाठी उठून जागा करून द्यायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. वळून बघायचं नाही ही रीत त्याला कुणी सांगितली नव्हती, त्यामुळे तो अगदी निवांत बघायचा. दोन वर्षांनी त्याने पाळकसाहेबांना सांगितलं, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय." त्या दिवशी बाई रडल्या. सुताराने त्याला मिठी मारली. मलाही भरून आलं, लाकूड असलो म्हणून काय झालं?

मित्रांनो, इथपर्यंत सगळं चांगलं होतं. इथून पुढचं सांगताना माझ्या शिरा ताठ होतात.

बाप्तिस्मा द्यायचा कसा, यावर वाद निघाला. आमच्या मंदिरात आजवर डोक्यावर पाणी शिंपडत. सुतार म्हणाला, "मोठ्या माणसाला पाण्यात पूर्ण बुडवलं पाहिजे, तोच खरा बाप्तिस्मा." बाई म्हणाल्या, "आपल्या वडिलांना शिंपडूनच दिला होता. तो काय खोटा?" सुताराने वाद घातला नाही. त्याने महिनाभर खपून एक लाकडी हौद बांधला, आतून पत्रा ठोकला, आणि एका रविवारी मंदिराच्या दाराबाहेर सगळ्यांसमोर भरून दाखवला. हौद गळला. पाणी दारातून ओघळत माझ्या पायांपर्यंत आलं. बाई हसल्या आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघा, प्रभूलाच मान्य नाही."

सगळी मंडळी हसली. सुतार हसला नाही.

त्यानंतर दोन तट पडले. भावाच्या बाजूने अर्धे, बहिणीच्या बाजूने अर्धे. ज्याच्या बाप्तिस्म्यावरून हे सगळं चाललं होतं त्या घड्याळवाल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. पाळकसाहेब हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही दोघं बाकावर बसा पाहू."

मी वाट बघत होतो. चाळीस वर्षांत मी कुणाचीही अशी वाट बघितली नव्हती. आणि मोठ्या बाई काय म्हणाल्या? "बाक भांडणासाठी आहे. हे भांडण नाही, हा सत्याचा प्रश्न आहे."

सुतार म्हणाला, "मीही तेच म्हणतो." तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी ऐकून होतो. ती माझ्याच घरात बघावी लागेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या जगाला माझ्यावर बसवणारी बाई स्वतः बसायची वेळ आली तेव्हा बसली नाही.

मंडळी फुटली. सुताराच्या गटाने दुसरीकडे भाड्याच्या खोलीत जायचं ठरवलं आणि वाटणी सुरू झाली. गीतांची पुस्तकं वाटली, पंखे वाटले, बाक नऊ-नऊ वाटले. उरलो मी, एकोणिसावा. "तुम्ही घ्या" असं एक जण जरी म्हणाला असता तरी मी कुठेही आनंदाने गेलो असतो. कुणी म्हणालं नाही. सुतार पिशवीतून करवत काढून माझ्याजवळ आला. ज्या हातांनी मला घडवलं तेच हात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तर जन्मदाताच काळ झाला. मला वाटलं, निदान बाई तरी त्याचा हात धरतील.

बाई म्हणाल्या, "नीट मोजून काप. अर्धा म्हणजे अर्धा."

त्याने मोजलं आणि कापलं. करवतीचं मला दुःख नाही, लाकूड करवतीतूनच जन्माला येतं. पण ते वाक्य मला आजही झोंबतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

घड्याळवाला भिंतीला टेकून सगळं बघत होता. भुसा खाली पडून राहिला तेव्हा त्याने विचारलं, "मग आता मी कुठे बसू?"

"आमच्याकडे," दोन्ही गट एकदमच म्हणाले.

त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. त्याचा बाप्तिस्मा झालाच नाही.

माझा उजवा अर्धा सुताराच्या गटाबरोबर गेला. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मी मंदिरातच राहिलो, एका बाजूला दोन पाय आणि दुसऱ्या बाजूला विटा. एका रविवारी विटा सरकल्या, गीतांना पेटी वाजवणारे काका धाडकन पडले, आणि मला उचलून मागच्या भिंतीशी टाकलं. वर्षभर मी तिथे ऊन-पाणी खात पडून होतो. ज्यांची भांडणं माझ्यावर मिटली होती ती माणसं माझ्यासमोरून जात, ती नणंद-भावजयसुद्धा. आता त्या वेगवेगळ्या गटांत होत्या.

शेवटी घड्याळवाल्यानेच मला पाळकसाहेबांकडून मागून घेतलं आणि दुकानात नेलं. स्वतः दोन पाय ठोकले. तो काही सुतार नव्हे, पाय बोटभर आखूड झाले, त्यामुळे मी डुलतो. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं माझ्यावर बसतात.

तीन वर्षांनी मोठ्या बाई दुकानात आल्या. काठी टेकत, वाकलेल्या. घड्याळ बंद पडलं होतं. त्या माझ्यावर बसल्या, हात फिरवला आणि कापलेली कड बोटांना लागताच थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. मी भावाला चारचौघांत हसायला नको होतं. तुम्ही परत या हो."

घड्याळवाल्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "कुठल्या मंदिरात येऊ, बाई?"

बाई माझ्या कापलेल्या कडेवरच बोट फिरवत राहिल्या.

"शिंपडा नाहीतर बुडवा, मला दोन्ही चालेल," तो म्हणाला. "पण मला एका घरात यायचं होतं, तुम्ही दोन करून ठेवलीत. भावाला घेऊन या, इथे, या बाकावर. त्याच दिवशी मी बाप्तिस्मा घेतो."

तेव्हापासून बाई दर गुरुवारी येतात. भावाला दोन चिठ्ठ्या पाठवल्या, दोन्ही न उघडता परत आल्या. त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, तर तो मागच्या दाराने गेला. निरोप धाडला, तर म्हणाला, "वेळ नाही." इकडे घड्याळवाल्याच्या हातातून बारीक स्क्रू सुटायला लागलेत. बाईंना आता दुकानाची पायरीसुद्धा जड जाते. दोघांपैकी कुणाकडेच फार दिवस आहेत असं मला दिसत नाही.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांतले माझ्यासारखे जुने बाक शेवटी 'आम्हाला सांभाळा, पॉलिश करा' असं सांगतात. मला पॉलिश नको. तुम्हाला कुठे तो सुतार भेटला तर त्याला एवढं सांगा, की दुकान बाजाराच्या टोकाला आहे, चष्मेवाल्याच्या शेजारी, आणि गुरुवारी चार ते सहा तुझी ताई तिथे बसलेली असते. तो कुरकुरेल, माझ्या आखूड पायांना नावं ठेवेल. ठेवू दे, पण त्याला पाठवा. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. ते तो येऊन बसला की बघू.