खाणीतली दांडगी फुलं

जुन्या खाणीच्या कडेला उगवलेली ती निळी रानफुलं पाहताक्षणीच सासरे म्हणाले होते, "ही आपल्या माळावरची नव्हेत. पान बघा कसं दणकट आहे!" सगळी हयात रोपवाटिकेत गेलेली, पण ऐकतंय कोण? खाण बुजवायचं ठरलं तसे ते इरेला पेटले. वीस गड्डे खणून त्यांनी माळावर, तिथल्या लहान फुलांच्या मधोमध लावले. "एकटी कशाला राहतील? सोबत होईल."

दोन वर्षं रोपं जोमानं वाढली, फुलली. शेंगा मात्र पोचट निघाल्या. "माझ्याच हाताला यश नाही," म्हणत सासरे एकदा भरल्या ताटावरून उठले.

सून प्रयोगशाळेत मुळांची टोकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. तिनं कुणाला न सांगता दोन्ही फुलांची मुळं नेली. माळावरच्या लहान फुलात चौदा गुणसूत्रं भरली. दांडग्यात अठ्ठावीस. तिनं पुन्हा मोजली. अठ्ठावीसच.

"बाबा, तुमची नजर खरी ठरली," संध्याकाळी ती म्हणाली. "लहान फुलांत गुणसूत्रांचे दोन संच, ह्यांच्यात चार. म्हणून पान जाड, फूल मोठं."

"मग बी का धरत नाही?"

ती जरा घुटमळली. "भोवती सगळी लहान फुलं. मधमाश्या त्यांचेच पराग आणतात. बीत प्रत्येकाचे निम्मेच संच उतरतात. इकडचे दोन, तिकडचा एक, असे तीन संच झाले की बी पोसतच नाही. चुकून एखादं रुजलं, तरी त्या रोपाला पुढे बी धरणं कठीण."

"म्हणजे मी दिलेली सोबतच नडली."

"माहीत कुणाला होतं?"

"तुला विचारता आलं असतं. पण म्हटलं, सुनेला काय विचारायचं!"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून वीसच्या वीस गड्डे काढले आणि नदीपलीकडच्या उतारावर एका जागी लावले. तिथं लहान फूल औषधालाही नव्हतं.

पुढच्या हंगामात सासरे थेट प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तळहातावर आठ काळ्या, टणक बिया.

"रुजवून गुणसूत्रं मोजायला दोन लागतील," ती म्हणाली.

"दोन? एकात भागव की!" असं म्हणतही त्यांनी दोन काढून दिल्या. मग तिच्या खुर्चीवर बसून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत जांभळट ठिपक्यांचा नुसता गोंधळ.

"हे असलं तू रोज मोजतेस?"

"रोज."

"बस इथं," ते उठत म्हणाले, "आणि सावकाश दाखव मला."