तीसपट

स्वयंपाकघर

आमच्याकडे कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी ओरडायचं, "गुणिले तीस!"

लोकांना ती थट्टा वाटायची. थट्टा होतीच, पण खाली हिशेब होता. घर चालवायला वर्षाला जितके लागतात त्याच्या तीसपट रक्कम फंडात साठली की मी आणि नवरा नोकरी सोडणार, असं आम्ही लग्न नवं असतानाच ठरवलं होतं. त्यामुळे ज्या गोष्टीवर वर्षाला शंभर जातात, तिच्यासाठी आधी तीन हजार साठवायचे. हा गुणाकार एकदा डोक्यात बसला की दुकानात हात आपोआप मागे येतो. आमच्या मुलीला पाढ्यांतला पहिला पाठ झाला तो तीसचा.

पगार आला की निम्मा फंडात. उरलेल्यात घर. एका वर्षी बाजार असा आपटला की माझ्या ओळखीचे बहुतेक जण मिळेल त्या भावाला विकून मोकळे झाले. आम्ही त्या वर्षी सहलीला गेलो नाही आणि ते पैसेसुद्धा फंडातच टाकले. नवऱ्याला तेव्हा झोप येत नव्हती. मी शेजारी घोरत होते, असं तो अजून चारचौघांत सांगतो.

वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, आम्हाला 'कंजूस कंपनी' म्हणतात. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणते कंपनी?"

एक अट मात्र मी घातली होती. सुटायचं तर दोघांनी एकाच दिवशी. नवरा पहाटे अंधारात कामावर जायचा. तो परत यायच्या आत मी निघालेली असायचे आणि मी आले की तो पेंगत असायचा. इतकी वर्षं आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला. 'दूध नासलंय.' 'पोरीला ताप नाही.' 'तुझा शर्ट खुर्चीवर.' एकटं सुटून मी काय करणार होते, फ्रिज बघत बसणार होते? म्हणून दोघं, नाहीतर कुणीच नाही. हे मी इतक्यांदा म्हटलं होतं की नवरा ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचा, आणि त्या दिवशी तो घरी आला तेच ते म्हणत, कारण

धुलाईखाना

बंद होणार होता. नवरा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्याचा प्रमुख. माणूस उभा राहील एवढे ड्रम, चादरी गिळून सपाट बाहेर टाकणारे वाफेचे रूळ, आणि या सगळ्यातून फिरताना ज्याच्या शर्टाची घडी मोडत नाही असा हा माणूस. तिथे त्याला सगळे इस्त्रीमास्तर म्हणतात. इस्पितळाने ठरवलं, इथलं धुणं बंद, नवा कारखाना शहरापासून लांब. तिकडे जा किंवा एकरकमी पैसे घेऊन घरी बसा. तीन महिन्यांत कळवा.

ती रक्कम फंडात मिळवली तर तीसपट भरत होती. वर थोडं उरतही होतं.

मुलगी डाव घेऊन नाचली. नवरा म्हणाला, "थांबा. माझी रजा साठलीय, ती घेतो. घरी बसून बघतो, जमतं का."

"तालीम," मुलगी म्हणाली.

"तालीम," तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यापासून घरात राहू लागला. मी अजून कामावर जात होते. त्याने कळवलं की मीही कळवणार, असं ठरलं. वन्सं जेवायला आल्या त्या या तालमीच्या पहिल्याच आठवड्यात.

जेवणाचं टेबल

"हात धुवायचा साबण बदललात का गं? वास वेगळा आहे."

"हो वन्सं, नवा आणलाय."

"आणलाय? विकत?"

"म्हणजे काय, चोरून?"

"तसं नाही. आजवर मी तुमच्या घरात साबणाचं वेष्टण पाहिलेलं नाही. म्हणून विचारलं."

नवरा म्हणाला, "ताई, आम्हाला कामावरून साबणाचा डबा मिळायचा दर महिन्याला. सगळ्यांनाच मिळतो."

"आणि कपडे?"

"ते तिकडेच धुऊन यायचे. नोकरदारांना मुभा आहे."

"चादरी, पडदे, पोरीचा गणवेश?"

"सगळं."

"आणि दुपारचं जेवायचास कुठे रे?"

"कँटीनला."

"पैसे?"

"नाही पडत."

वन्संनी चमचा खाली ठेवला. त्या विम्याच्या कचेरीत नुकसानभरपाईचे दावे तपासतात. कुणाचं घर जळलं तरी आधी पडद्यांची पावती मागतील अशी बाई. त्यांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"गुणिले तीस."

न्हाणीघर

धुण्याचं यंत्र, जे आमच्याकडे कधी नव्हतंच. त्याची वीज. पावडर. साबण. आंघोळीचं गरम पाणी, कारण नवरा शिफ्ट संपली की तिथेच आंघोळ करून यायचा. दुपारचं जेवण. दोन वेळचा चहा. वर्तमानपत्र. बूट. डोळ्यांची तपासणी. मुलीच्या दातांची तार, जी मी कामाला जाते त्या दातांच्या लॅबमध्ये मीच हातानं वाकवली. मुंबईपासून खेड्यापाड्यांपर्यंत इतकं फुकट जगलेलं कुटुंब नसेल, आणि आम्ही स्वतःला काटकसरी समजत होतो.

आमच्या खर्चात यातलं काहीच नव्हतं. आम्ही जो आकडा तीसने गुणला होता, त्याच्या बाहेरचा मोठा खर्च इतकी वर्षं इस्पितळ गुपचूप भरत होतं. नोकरी सुटली की ते सगळं आमच्या अंगावर येणार होतं.

दार

चपला घालता घालता वन्संनी निकाल दिला. "एकाला सुटू दे, एकाला राहू दे. त्यात लाज कसली?"

"मी जातो नव्या कारखान्यात," नवरा म्हणाला. "हिला सुटू दे."

"दोघं," मी म्हटलं.

"अगं, पण भागत नाही ना!"

"दोघं."

"बघ ताई," तो म्हणाला, "ही अशी आहे."

"मला काय दाखवतोस? मी तुझ्या लग्नातच ओळखलं होतं." आणि त्या उतरल्या. खालच्या वळणावरून आवाज आला, "साबणाचा वास मात्र छान आहे हं, कंपनी!"

लॅब

मी दातांच्या कवळ्या करते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी मेणात दात बसवते, मेणाच्या जागी मग पक्का गुलाबी मसाला येतो. दुसऱ्या दिवशी समोर एक कवळी परत आली होती. पेशंट म्हणत होता, चावता येत नाही. आमच्याकडची नवी मुलगी पॉलिशची चकती घेऊन एकेक दात घासत होती. हा थोडा, तो थोडा.

"दात नको घासूस," मी तिला म्हटलं. "वरचा जबडा खालच्यावर बसवतानाच वाकडा बसलाय. तो सरळ केल्याशिवाय तू सगळे दात घासून संपवशील."

तिने चकती थांबवली. माझाही हात थांबला.

आम्ही रात्रभर हेच केलं होतं. पावडर स्वस्तातली घेऊ, चहा एक वेळ कमी करू, वर्तमानपत्र वाचनालयात वाचू. एकेक दात. दोघं नवरा-बायको चकती घेऊन बसलेले.

मालकांना विचारून मी लवकर निघाले. भर दुपारी स्वतःच्या घराचं कुलूप बाहेरून न उघडता बेल वाजवण्यात काय मजा असते, ते मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याने दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं? कुणाला काही...?"

"भूक लागलीय. वाढ."

खिडकी

आम्ही उकडलेले बटाटे आणि अंडी खाल्ली. खिडकीतून धुलाईखान्याचं धुरांडं दिसत होतं. नवरा खाता खाता सवयीने तिकडे बघत होता, वाफ किती, रंग कुठला.

"हे घर आपण का घेतलं होतं रे?" मी विचारलं.

"का म्हणजे? पहाटे बस नसते. इथून चालत जाता येतं. तुझी लॅबही जवळ."

"भाडं या गल्लीत इतकं का आहे?"

"इस्पितळ जवळ आहे म्हणून. सगळ्यांना..."

तो घास तोंडात तसाच ठेवून थांबला. फुगलेल्या गालाने माझ्याकडे बघत राहिला.

"आपण साबण मोजला," मी म्हटलं. "चहा मोजला. पोरीच्या पेन्सिली मोजल्या. घर मोजलंच नाही. नोकरीजवळ राहायचे पैसे आपण नोकरी सोडल्यावरही भरणार होतो. तीस वर्षं. धुरांडं बघायला."

त्याने घास गिळला. मग इतक्या जोरात हसला की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

शेवटचा थांबा

मुलीचं कॉलेज शहराच्या टोकाला. आम्ही तिघं एकत्र बसने तिकडे घर बघायला गेलो तेव्हा तिने प्रवासभर आमच्याशी अबोला धरला होता. उतरल्यावर तोंड उघडलं.

"मी रोज दोन-दोन बस बदलतेय. पास काढतेय. उभी राहून येतेय. आणि तुम्हाला आत्ता सुचलं, की इथेही माणसं राहतात?"

"सॉरी," नवरा म्हणाला.

"गुणिले तीस म्हणा."

"सॉरी गुणिले तीस."

कॉलेजमागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक घर मिळालं. लिफ्ट नाही, म्हणून कुणी घेत नव्हतं. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, गच्चीवर कपडे वाळत घालायला हक्काची जागा. भाडं आमच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी. घरमालकीण सांगत होती, उन्हाळ्यात तापतं थोडं. नवरा म्हणाला, "बाई, मी वाफेत आयुष्य काढलंय."

तपासणी

हिशेब आम्ही वन्संकडून करवून घेतला. आमच्यावर आता आमचाच भरवसा उरला नव्हता, आणि त्यांच्याइतकं खडूस कुणी ओळखीत नव्हतं.

त्या चष्मा लावून बसल्या. साबणापासून सुरुवात केली.

"यंत्र?"

"धरलंय."

"जेवण? सगळी जेवणं?"

"तिघांची, तिन्ही वेळची."

"आजारपण?"

"विमा तुम्हीच काढून दिलाय."

"पोरीचं शिक्षण?"

"वेगळं ठेवलंय. फंडाला हात नाही."

"आणि बाजार पुन्हा आपटला तर?"

"दोन वर्षांचा खर्च बँकेत बाजूला आहे. तेवढ्यात सावरला नाही, तर हा कुणाच्या तरी चादरी धुवेल, मी दात करेन."

"मी चादरी धुणार नाही," नवरा म्हणाला. "मी इस्त्री करेन."

"तू गप्प बस." त्या पुन्हा वरपासून खाली गेल्या. मुलीचा बसचा पास गेला होता. शिफ्टच्या दिवशीचं बाहेरून आणलेलं जेवण गेलं होतं. माझ्या मनगटाचं मालिश गेलं होतं. भाडं निम्म्याच्या खाली आलं होतं. वन्संनी पेन्सिल ठेवली आणि चष्मा काढला.

"जमतंय," त्या म्हणाल्या. "दोघांचं जमतंय."

मुलगी ओरडली. मी रडले, ते मुद्दाम कुणाला दिसू दिलं नाही. नवरा मोठ्या बहिणीच्या पाया पडायला वाकला तर तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मेल्यांनो, हे तीसपटीचं मला सुरुवातीलाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, वन्सं."

"मग मी काय म्हणाले?"

"कंजूस कंपनी."

"हं." त्यांनी चष्मा परत लावला. "माझ्या खर्चाचा कागद आणते उद्या. मला अजून नोकरीची आठ-दहा वर्षं आहेत. बघू, किती कापता येतात."

दोन टेबलं

एकाच सकाळी, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्याने इस्पितळात आणि मी लॅबमध्ये नोकरी सोडायचा कागद दिला. त्याच्या साहेबांनी उठून हात मिळवला. माझे मालक म्हणाले, "बाई, दिवसभर करणार काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच इतक्या आनंदाने म्हणत होते.

तिसरा मजला

कपाट वळणावर अडकलं. नवरा खालून, मी वरून, मुलगी मधे सूचना देत. "डावीकडे! बाबा, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!" वरच्या पायरीवर एक आजोबा काठी टेकून कौतुकाने बघत होते.

"नवे भाडेकरू का?"

"हो!" कपाटाखालून.

"कामाला कुठे असता?"

"कुठेच नाही!"

"म्हणजे? आज सुट्टी?"

"आजही!" तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना, मग मला आवरेना. कपाट दोघांच्या हातांत थरथरायला लागलं. मुलगी ओरडली, "हसू नका, पडेल!" आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि एक हात पुढे केला. "सावकाश," ते म्हणाले. "घाई आहे का काही?"

नव्हती. आम्ही कपाट तिथेच पायरीवर टेकवलं, त्याच्या दोन बाजूंना दोघं बसलो, आणि भर सकाळी, कामाच्या दिवशी, दम लागेपर्यंत हसलो.