छपरावरचे पाहुणे

पोलंडमधल्या टिकोचिन गावच्या चौकातल्या घरातली एक खोली लेओकादियाबाई उन्हाळ्यात पाहुण्यांना देत. नरेव नदीची दलदल बघायला वॉर्सातून आलेले राडोस्लाव साहेब पहिल्याच सकाळी तणतणत खाली आले.

"मावशी, छपरावर पहाटेपासून कसला खडखडाट चाललाय? झोपेचं पार खोबरं झालं! आणि गाडीवर तर सगळा शिटांचा सडा!"

"करकोचे आहेत ते. चोची वाजवतात."

"मग घरटं काढून टाका की! नाहीतर मी इंटरनेटवर असं लिहीन ना, की तुमच्या दारात कुत्रं फिरकणार नाही."

बाईंनी बटाट्याची धिरडी तव्यावर तशीच जळू दिली. करकोच्यांनी घरटं बांधावं म्हणून त्यांच्या नवऱ्यानं घोडागाडीचं जुनं चाक स्वतःच्या हातानं छपरावर चढवलं होतं. तो गेला, पण करकोचे यायचे थांबले नव्हते.

"खुशाल लिहा," असं म्हणत त्यांनी साहेबांची बॅग वरच्या खोलीतून आणली आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. "माझे खरे पाहुणे वर आहेत. दरसाल आफ्रिकेतून स्वतःच्या पंखांवर येतात, आणि खाली कोण घोरतंय म्हणून त्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही."