एकोणतीसचा पाढा

दीड वाजायला पाच मिनिटं कमी असली की मिस्त्री हातोडा खाली ठेवायचा, खिशातल्या किल्ल्या, कमरेचा पट्टा आणि पायातले बूट काढून बायकोच्या हवाली करायचा आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत जाऊन उभा राहायचा. ती बाहेरून कडी घालायची. बरोबर दीडला आतून पहिला धक्का ऐकू यायचा. खांद्याचा असेल तर बरा दिवस, कपाळाचा असेल तर वाईट. दोन्ही आवाजांतला फरक तिला भिंतीपलीकडूनही कळायचा, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

खोली रिकामी होती. आधी तिथे एक लोखंडी कपाट होतं. त्याचं दार मिस्त्रीने एका दुपारी डोक्याने आत चेपलं, आणि गाड्यांचे पोचे काढणं हाच धंदा असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ते ठोकून सरळ केलं, वर रंगही मारला. असं तीनदा झालं. शेवटी तिने कपाट भंगारात काढलं आणि मोडक्या गाड्यांच्या सीटचा फोम कापून चारी भिंतींना माणसाच्या उंचीपर्यंत ठोकला. फोम महिन्याभरात फाटायचा. दाराजवळच्या कोपऱ्यात त्यावर रक्ताचे तपकिरी डाग होते, ते तिने घासून पाहिले, निघाले नाहीत.

डॉक्टर म्हणाल तर अकरा वर्षांत त्यांची पलटण झाली. पहिल्याने चष्मा दिला. दुसऱ्याने डाव्या बाजूच्या तीन धडधाकट दाढा उपटून हातात ठेवल्या. मग एकाने नाकाचं हाड तासलं. डोक्याचे आडवे-उभे सगळे फोटो झाले, आणि दर वेळी टेबलापलीकडचा माणूस ते उजेडासमोर धरून तोंडभर हसून सांगायचा, "अगदी नॉर्मल आहे हो!" जणू मिस्त्री पहिल्या नंबराने पास झाला होता. गोळ्यांनी पोटाला जखम झाली, डोकं होतं तिथेच राहिलं. शेवटच्या शहाण्याने तर ताण कमी घ्या, सकाळी मोकळ्या हवेत फिरायला जात जा, अशी बोळवण केली. डाव्या डोळ्यामागे रोज पाऊण तास कुणी तापलेली सळई फिरवतंय आणि हा सांगतो फिरायला जा! असल्या माणसाला त्या फोमच्या खोलीत मिस्त्रीबरोबर एकदा कोंडायला हवं होतं. जास्त नको, पाचच मिनिटं.

कडीची कल्पना दिराची. दीर अंगाने रेड्यासारखा, गॅरेजमध्येच वेल्डिंगचं काम करायचा. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री खांबावर डोकं आपटत होता, तेव्हा त्याने मागून मिठी मारून त्याला धरायचा प्रयत्न केला. मिस्त्रीने डोकं मागच्या मागे असं हाणलं की दिराचे पुढचे दोन दात वहिनीच्या पाण्याच्या बादलीत जाऊन पडले. ती गाड्या घासून रंगाला तयार करायची, वॉटर पेपर भिजवायला बादली कायम जवळ असायची. सव्वादोनला दुखणं उतरल्यावर मिस्त्रीनेच त्या गढूळ पाण्यात हात घालून दोन्ही दात शोधले, भावापुढे धरले आणि ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी दिराने बोळक्या तोंडाने मागच्या खोलीच्या दाराला जाड कडी जोडून दिली.

पण कडी घालणं सोपं होतं, काढायची कधी हा खरा प्रश्न होता. आतला माणूस बाहेर पडण्यासाठी काय वाटेल ते बोलायचा. कधी शिव्या, कधी विनवण्या, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे कधी अगदी साधा, रोजचा आवाज. "झालं गं. उघड. भूक लागलीय." पहिल्याच आठवड्यात ती त्या आवाजाला भुलली. दार उघडल्यावर मिस्त्री तिच्या बाजूने तडक खांबाकडे गेला आणि कपाळाला अकरा टाके पडले.

तेव्हा दिराने डोकं लढवलं. "वहिनी, दुखताना माणूस खोटं बोलू शकतो, पण हिशेब करू शकत नाही. दादाला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावा. शाळेतही त्याची गाडी तिथेच अडायची."

आणि खरोखर तसंच झालं. कळ चालू असली की मिस्त्री "एकोणतीस त्रिक"च्या पुढे जायचा नाही. तिथेच किंचाळायचा, दाराला लाथा घालायचा, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. सव्वादोन झाले की मात्र थकलेल्या, फाटलेल्या आवाजात सगळा पाढा हळूहळू सुटायचा आणि मग ती कडी काढायची. दोन वर्षांत पाढा एकदाही चुकीचा ठरला नव्हता. त्या पाढ्यावर तिचा जितका विश्वास होता तितका कुठल्याच डॉक्टरवर नव्हता.

नवऱ्यावर होता का? हे कुणी तिला तोंडावर विचारलं असतं तर तिने त्याच्या थोबाडीत दिली असती. पण एकदा तिची मोठी बहीण आली होती, दुपारभर आतले धक्के ऐकत बसली आणि जाताना म्हणाली, "दुखणं काय घड्याळ बघून येतं गं? आणि पाऊण तासाने हा गृहस्थ ताट पुढे ओढून जेवायला बसतो. मला विचारशील तर निम्मं नाटक आहे." ती बहिणीवर फाडकन ओरडली. बहीण गेली, पण ते वाक्य गेलं नाही. दुपारी आत तो भिंतीवर आदळायचा आणि बाहेर ती एखाद्या गाडीचं दार घासत बसायची, तेव्हा मनात हमखास यायचं, इतकं? खरंच इतकं दुखतं? मग तिला स्वतःची लाज वाटायची आणि ती जोरजोरात घासायला लागायची.

गेले दोन महिने एक नवीनच गोष्ट चालली होती. काम करताना मिस्त्री ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा. हातोड्याच्या ठोक्याला एक शब्द, पुढच्या ठोक्याला पुढचा. तिला ते पाहून बरं वाटलं होतं. चला, माणूस निदान गुणगुणायला तरी लागला, असं ती दिरालाही बोलली होती.

त्या दिवशी दीर एका गिऱ्हाईकाची गाडी पोचवायला गेला होता. दीडला कडी लागली. पहिला धक्का कपाळाचा होता, दुसराही. आणि दोनला वीस मिनिटं असताना आतलं सगळं एकदम थांबलं.

"एकोणतीस एके एकोणतीस," मिस्त्रीचा आवाज आला. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

ती हातातला घासायचा कागद टाकून उभी राहिली. पाढा पुढे चालला होता. न अडखळता, एका लयीत, थेट दोनशे नव्वदपर्यंत.

तिने घड्याळ पाहिलं. इतक्या लवकर कधीच थांबलं नव्हतं. पण चारच दिवसांपूर्वी एका नव्या डॉक्टरने नवी गोळी दिली होती, आणि आशा ही मोठी बेशरम वस्तू आहे, अकरा वर्षं लाथा खाऊनही दारातच बसलेली असते. लागू पडली! गोळी लागू पडली! तिचे डोळे भरून आले. रडत, हसत तिने कडी काढली.

समोर मिस्त्री होता. डावी पापणी लोंबत होती, खालचा डोळा लालभडक, त्या बाजूच्या नाकपुडीतून पाणी गळत होतं, कपाळ फुटून रक्त भुवईत उतरलं होतं. ओठ अजून हलत होते. एकोणतीस एके. एकोणतीस दुणे. दोन महिने हातोड्याच्या ठोक्यावर तो काय गुणगुणत होता ते तिला त्या क्षणी कळलं. त्याने पाढा जिभेला इतका घोटून ठेवला होता की आता तो म्हणायला डोकं लागत नव्हतं.

"अहो!" ती दारात आडवी झाली.

त्याने दोन्ही हातांनी तिला उचलून फेकलं. ती काढून ठेवलेल्या बंपरवर पडली आणि कुशीत काहीतरी कट्कन वाजलं. ती उठेपर्यंत तो टेबलापाशी पोचला होता आणि त्याच्या हातात ड्रिल होतं. बॅटरीवर चालणारं, त्यामुळे वायर उपटायचीही सोय नव्हती.

"एकच भोक," तो म्हणाला. आवाज समजावणीचा होता, लहान मुलाशी बोलतात तसा. "एकच भोक पाडतो. निघून जाईल सगळं. तू बाहेर जा."

ती त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने कोपर मारलं, तिचा ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्याने तिचे केस धरून तिचं डोकं गाडीच्या काचेवर आपटलं आणि काचेला तडा गेला. ड्रिल सुरू झालं. कानशिलावरचे केस त्यात गुंतून तुटले, कातडी फाटली, रक्ताची बारीक चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. तिने ओरडून कुणाकुणाला हाका मारल्या, पण या गॅरेजमध्ये दुपारी आरडाओरडा होतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोण येणार?

नेम धरायला त्याने उजवं कोपर गाडीच्या बॉनेटवर टेकवलं. ड्रिल धरलेली मूठ तिच्यासमोर आली. याच हाताने तो चेपलेला पत्रा असा सरळ करायचा की गाडीचा मालकसुद्धा पोचा कुठे होता ते विसरायचा. याच हातावर घर चाललं होतं. तिला ते सगळं माहीत होतं. तिने खाली पडलेला त्याचाच हातोडा उचलला आणि त्या मुठीवर घातला.

मूठ सुटली नाही. तिने पुन्हा घातला. या वेळी हाड मोडल्याचं तिच्या हातापर्यंत जाणवलं. तरीही ड्रिल फिरतच होतं. ती किंचाळली आणि तिसरा घाव सगळी ताकद लावून घातला. ड्रिल खाली पडलं, फरशीवर गरगरलं आणि गप्प झालं.

मिस्त्रीने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटं नको त्या बाजूला वळली होती, आणि तो त्याच हाताचा आधार घेऊन बॉनेटवर कपाळ आपटायला लागला. तिने त्याला खाली ओढलं, फरशीवर बसली आणि त्याचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. ते डोकं तिच्या मोडक्या बरगडीवर आदळत राहिलं. तिने सोडलं नाही. सव्वादोनपर्यंत ती मार खात बसली, आणि दर धक्क्याला मोठ्याने रडत होती.

मग ते उतरलं. त्याने वर पाहिलं, तिचा ओठ पाहिला.

"मी?" त्याने विचारलं.

"तुम्हीच."

"आणि हा हात?"

"तो मी."

"बरं केलंस," तो म्हणाला.

इस्पितळात त्या दिवशी चमत्कार झाला. त्यांना पाहून लोक धावले. हाताचा फोटो निघाला, त्यात चार हाडं मोडलेली लख्ख दिसत होती, त्यामुळे कुणीही नॉर्मल म्हणालं नाही. एक तरुण डॉक्टरीणबाई फोटो पाहून पुढे आली आणि म्हणाली, "बापरे, काय यातना होत असतील तुम्हाला!" अकरा वर्षांत हे वाक्य कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून निघालं नव्हतं. मिस्त्री भांबावून मागे पाहायला लागला, ही दुसऱ्या कुणाशी तर बोलत नाही ना.

"कसं झालं हे?"

"मी मारलं," मिस्त्रीची बायको म्हणाली. "हातोड्याने. तीनदा."

डॉक्टरीणबाईने तिच्या फाटलेल्या ओठाकडे, मिस्त्रीच्या कानशिलाकडे पाहिलं, आणि तूर्तास पुढचं विचारलं नाही. इंजेक्शन भरता भरता तिने कागद ओढला. "हे देण्याआधी मला लिहावं लागतं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. दहा म्हणजे याच्यापुढे दुखणं असूच शकत नाही. हात आत्ता किती दुखतोय?"

मिस्त्रीने हात उजेडात धरला. गिऱ्हाईकाची गाडी पाहून किती काम आहे ते सांगायच्या आधी तो जसा विचार करायचा, तसाच प्रामाणिकपणे त्याने विचार केला.

"दोन," तो म्हणाला.

"अहो, संकोच करू नका. चार हाडं मोडलीत."

"दोनच. फार तर अडीच धरा."

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. "मग दहा कशाला म्हणता तुम्ही?"

तो ओशाळला. बोलली ती. बोलताना बरगडी दुखत होती, तरी बोलली. "रोज दीड वाजता यांना आत कोंडते मी. आणि बाहेर उभी राहून मनात म्हणते, इतकं कुठे दुखत असेल? एवढी वर्षं म्हणत आले." तिने पदर तोंडाला लावला आणि सगळ्या लोकांदेखत हमसून हमसून रडली.

"रडू नकोस गं," मिस्त्री म्हणाला. "सगळे नॉर्मल म्हणायला लागल्यावर मलाही कधीकधी वाटायचं, मीच नाटक करतोय की काय."

डॉक्टरीणबाईने त्याची बाही वर केली, कापूस फिरवला आणि सुई जवळ आणली. मिस्त्रीने धडधाकट हाताने तिचं मनगट हळूच अडवलं.

"बाई, हे आत्ता वाया घालवू नका," तो म्हणाला. "उद्या दीडला द्याल?"