रगतातलं बिऱ्हाड

गोचीड तापाचं नाव निघालं की छावणीतल्या बाया आधी आपल्या गाईचा कान चाचपतात, तापलाय का म्हणून. सिंधुबाईची तर चांगली दुभती जर्शी गेल्या साली त्याच तापानं गेली. आता राहिली एकटी कपिली. दुष्काळानं बांधावर काडी ठेवली नव्हती, म्हणून पाटोद्याजवळ दूध संस्थेनं काढलेल्या चारा छावणीत ती गाईसंगं मुक्कामालाच आली होती.

तिथंच वैरणीच्या गंजीमागं तिला एक मोरघार सापडली, गरुडासारखं तुरेवालं शिकारी पाखरू. धावता ससा उचलणारी ती, पण आता तिला मान धरवत नव्हती. तरी नजर अशी करारी, की सिंधुबाईनं आधी पदर सावरला आणि मगच तिला डालग्याखाली झाकलं.

जनावरांच्या दवाखान्यातली सत्यभामा डॉक्टरीण आली, पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेऊन गेली. मोठी गुणी बाई, पण खरं बोलायची खोड! दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या तांबड्या पेशींत परजीवी शिरलेत."

"म्हंजे गोचीड तापच की!" संस्थेचा सेक्रेटरी आश्रुबा ओरडला. "फेका तिला वढ्यात! समदी छावणी मारता का?"

"अहो, गाईचा ताप गोचिडीनं येतो. हिचा येतो पिसांतल्या चपट्या माशीनं. हे जंतू पाखरांचे, गाईत ते जगतच नाहीत. धडधाकट शिकारी पाखरांतही असतात. हिची उपासमार झाली, म्हणून त्यांचं फावलं."

"तुमचं काय जातंय? तुमची गाय हाय का हितं?"

डॉक्टरणीची गाय नव्हतीच.

कपिली गेली तर पुढं काय, हे सिंधुबाईला कोणी सांगायला नको होतं. पण ती उठली, डालगं उचललं आणि थेट कपिलीच्या दावणीशी नेऊन ठेवलं.

"माझी गाय हाय हितं," ती म्हणाली. "मरायची आसंल तर पयली माझी मरंल."

काय छातीची बाई! आजूबाजूच्यांनी आपापली जनावरं सोडून लांब बांधली. ती मात्र मोरघारीला कोंबडीच्या काळजाचे तुकडे भरवायची, आणि हात धुतला की गाईचा कान चाचपायची. रात्रीची झोप उडाली ती उडालीच. कपिली आपली रवंथ करत बसलेली.

हळूहळू मोरघार ताठ उभी राहिली, चोच मारायला लागली. डॉक्टरणीनं पुन्हा रक्त तपासलं.

"कमी झालेत, पण आहेत. बहुतेक जन्मभर राहतील."

"आन तरी उडंल?"

"उडेल की."

माळावर नेऊन सिंधुबाईनं तिला दोन्ही हातांनी वर सोडलं. आधी ती जडच गेली, पार बाभळीला घासून. मग वारं सापडलं आणि बघता बघता ठिपक्याएवढी झाली. आश्रुबाचंही तोंड उघडंच. "आरं बापरे, काय पंख हायती बे!"

सिंधुबाई रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

"जा माय," ती वर बघून ओरडली, "त्या रगतातल्या बिऱ्हाडासकट जा! तुझ्यापायी माझी गाय डावाला लावलती. लावली त्येच बेस केलं!"