शेगडीजवळची जागा

शनिवारी दुपारी मार्टिन झिकेली आणि त्यांची मुलगी आग्नेथा चर्चचे बाक पुसत होते. उपासनेला येणारी माणसं उरली होती पाच, पण म्हातारा सगळेच बाक पुसून घ्यायचा.

"ह्यावर कोण बसणार आहे, ताता? गुनेशांचं घर केव्हाच जर्मनीला गेलं," आग्नेथा बापाला म्हणाली.

"गेलंय. मेलेत थोडेच? पूस."

ट्रान्सिल्व्हेनियातल्या ह्या गावात लुथरन मंडळीनं तीनदा चर्च बांधलं. पहिलं लाकडाचं, ते जळालं. दुसरं ओढ्याकाठी खचलं. हे तिसरं दगडी, ह्याचाही मनोरा भूकंपात अर्धा पडला. नियम मात्र तिन्हींत एकच: बाकावरची जागा घराण्याची, आईची मुलीला, बापाची मुलाला. वारसानं वेदीसमोर उभं राहून सगळ्यांदेखत 'मी येणार नाही' म्हटलं, तरच ती मागच्या बाकावरच्याला मिळायची. जर्मनीला गेलेल्यांपैकी एकानंही तसं म्हटलं नव्हतं. जो तो 'उन्हाळ्यात येतोच' म्हणून गेला. त्यामुळे उरलेली माणसं आपापल्या जागी विखरून बसत, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकांना घसा ताणावा लागे.

आग्नेथाच्या आईची जागा शेगडीजवळ होती. आई वारल्यापासून ती रिकामीच. आग्नेथाही जर्मनीतच राहायची; न्यूरेंबर्गहून आली की वर ऑर्गनपाशी बसायची. आईच्या मागच्या बाकावर, फुटक्या खिडकीखाली, शेजारची सारामावशी शालीत गुरफटून कुडकुडत असायची.

"पुढे सरका की, मावशी," आग्नेथा एकदा म्हणाली होती.

"तुझ्या जागेवर? तुझा बाप मला बाहेर बर्फात बसवेल."

काम आटोपल्यावर बापलेक पायरीवर पाव, कांदा आणि खारवलेली चरबी खात बसले.

"उद्या बसशील आईच्या जागी?" तातांनी विचारलं.

"बघू."

"तुझी आई मला लग्नालासुद्धा बघूच म्हणाली होती." ते स्वतःशीच हसले. मग उठून त्यांनी फडकं पिळलं आणि दाराच्या कडीवर वाळत घातलं.

सकाळी ते उठलेच नाहीत.

दफनाच्या दिवशी शेगडी आग्नेथानं पेटवली. कडीवरचं फडकं अजून दमटच होतं. वेदीसमोर शवपेटी, चौघं जण आपापल्या जागी, आणि शेगडीची सगळी ऊब रिकाम्या बाकाला. पाळकांची प्रार्थना चालू असताना सारामावशी शाल तोंडात कोंबून खोकला दाबत होती.

न्यूरेंबर्गला पहिल्यांदा निघाली, त्याच दिवशी आग्नेथाला उत्तर ठाऊक होतं. तेव्हापासून ती बघू म्हणत आली होती, आणि बाप बाक पुसत आला होता.

प्रार्थना संपली. ती ऑर्गनपासून खाली उतरली आणि वेदीसमोर आली. तिनं पेटीवर हात ठेवला.

"सारामावशी, पुढे या," ती म्हणाली. मावशी हलली नाही. तिचे डोळे पेटीवर होते.

मग आग्नेथा बापाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी येणार नाही, ताता."