चेअरमनची पिशवी

ज्याच्याबद्दल आप्पांच्या मनात पाल चुकचुकली नाही, असा माणूस गावात अजून जन्माला यायचा होता. आप्पांचं खरं नाव उत्तरेश्वर, पण त्या नावानं हाक मारणारे केव्हाच संपले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांचे डबे उघडून बघायचे, कुणी साखर लांबवली का ते शोधायचं, हे काम. नोकरी संपली, आप्पा गावाकडं आले, दूध सोसायटीचे चेअरमन झाले, पण गेट काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. सोसायटीच्या ऑफिसातून बाहेर पडताना प्रत्येकानं दारात पिशवी उघडून दाखवायची, असा नियम त्यांनी पहिल्याच आठवड्यात केला. सेक्रेटरी शहादेव बी.कॉम. झालेला, सरळ माणूस, पण तोही रोज संध्याकाळी निमूटपणे डब्याचं झाकण काढून दाखवायचा. लोक हसायचे आणि दाखवायचे.

आप्पांची स्वतःची पिशवी मात्र कुणी बघत नसे. चेअरमनची पिशवी कोण बघणार? त्या पिशवीतून सोसायटीचा शिक्का घरी जायचा आणि कॉम्प्युटरचा माऊसही जायचा. माऊस नेला की आपल्या माघारी कॉम्प्युटरला कुणी हात लावणार नाही, अशी त्यांची खात्री. सकाळी आप्पा येईपर्यंत शहादेव बिचारा बंद पडद्यासमोर हाताची घडी घालून बसायचा.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. कडा या बाजाराच्या गावाभोवतीच्या वस्त्यांना टँकर सुरू झाले होते, बरीच जनावरं चारा छावणीत होती, आणि गावातल्या चुली सकाळ-संध्याकाळच्या दुधावरच पेटत होत्या. अशात तालुक्याच्या दूध संघानं निरोप धाडला, की येत्या सोमवारपासून मशीनची छापील पावती असेल तरच दूध घेऊ. दुधातल्या फॅटचा आकडा हातानं लिहिलेला चालणार नाही. पाणी घातलेल्या दुधाच्या तक्रारी वाढल्या होत्या म्हणे.

एरवी यात काही अडचण नव्हती. संघानंच सोसायटीला सगळं सामान दिलं होतं. मशीनमध्ये दुधाचा नमुना धरला की फॅट कॉम्प्युटरवर दिसायचं आणि शेजारच्या प्रिंटरमधून पावती यायची. पण नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बिघडला. कड्यात मुनव्वरचं दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही, मोबाईल, कॉम्प्युटर, डिश, सगळं तो बघायचा. त्यानं येऊन कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं पुसून काढलं आणि नव्यानं भरलं. कॉम्प्युटर चालू झाला, पण मशीन आणि प्रिंटर दोन्ही मुके. शहादेवनं बटणं दाबून पाहिली, वायरी काढून परत लावल्या. पावती काही येईना.

"मोडलंस ना?" आप्पा म्हणाले.

"मोडलं न्हाई आप्पा. ड्रायव्हर टाकावं लागंल," मुनव्वर म्हणाला. आप्पांच्या कपाळावरची आठी बघून त्यानं समजावलं, "आसं बगा, घरात नवी सून आलीय. तिला कोण सासरा, कोण दीर, काय म्हाईत न्हाई. कुणीतरी वळख करून द्यावी लागती. तसं ह्या कॉम्प्युटरला प्रिंटर कोण न् मशीन कोण ते आता ठावं न्हाई. ती वळख सीडीत आसती. सामानासंगं आली आसंल बगा."

"नेटवर न्हाई का भेटत?" शहादेवनं विचारलं.

"हे संघाचं येगळं मशीन हाय. आन् हितं नेट कुटं चालतंय? सीडी लई बेस."

सामानाचं खोकं ऑफिसात नव्हतं. ते आप्पांनी सामान आलं त्याच दिवशी घरी नेऊन ठेवलं होतं. ऑफिसात ठेवलं तर कुणी काही काढून नेईल, ही धास्ती. आप्पा तरातरा घरी गेले आणि माळ्यावरून खोकं काढून घेऊन आले. खोक्यात थर्माकोल होता, कागदपत्रं होती, जास्तीची एक वायर होती. सीडीचं पांढरं पाकीटही होतं. पाकीट रिकामं.

आप्पा त्या रिकाम्या पाकिटाकडं बघत राहिले आणि त्यांचं डोकं कारखान्याच्या गेटवर गेलं. पाकीट ठेवलं आणि आतला माल नेला, म्हणजे नेणारा जाणकार असला पाहिजे. गावात कुणाला सीडी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं एकट्या मुनव्वरला. आणि मुनव्वर पोळ्याच्या सुमाराला डिशचं काम करायला आप्पांच्या माडीवर चढला होता. माळ्यावरूनच जिना जातो. सगळं जुळलं! चोर सापडल्यावर गेटवर जे समाधान वाटायचं, ते कितीतरी वर्षांनी आप्पांना पुन्हा वाटलं.

संध्याकाळच्या दुधाची वेळ. ऑफिससमोर कॅन, किटल्या घेऊन बायामाणसं रांगेत उभी होती. मुनव्वर पिशवी घेऊन निघाला आणि दारात आप्पांनी हात आडवा धरला.

"सीडी काढ."

"कंची सीडी?"

"माझ्या माळ्यावरनं नेली ती. डिश बसवायला गेलता तवा."

रांगेतली कुजबुज थांबली. मुनव्वरला आधी हसू आलं, मग ते गेलं. "आप्पा, तुमी काय बोलताय कळतंय का? मी कावून नेऊ तुमची सीडी?"

"आता तूच सांगशील, नगरला जातो, तितनं आणतो. न् आमचीच आमाला आणून देशील. मी काय कारखान्यात गवत उपटत होतो का बे?"

मुनव्वरचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याच्या धंद्याला भांडवल एकच होतं, लोक त्याला घरात घेत होते. माडीवर, आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या टीव्हीपर्यंत. तेच आप्पांनी भर रांगेत पायाखाली घेतलं होतं. त्यानं चेन ओढून पिशवी आप्पांपुढं उघडी धरली. आप्पांनी आत हात घालून चाचपलं. पेचकस, चिकटपट्टी, डबा. डबाही त्यांनी उघडला. आत भाकरीचा तुकडा होता.

"घरी ठिवली आसंल," आप्पा म्हणाले.

मुनव्वर पिशवीची चेन लावून बाहेर पडला. गाडीला किक मारून गेला. शहादेवनं मान खाली घातली. रांगेत केशरबाई पुढंच होती. दोन म्हशींवर घर चालवणारी, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "आप्पा, मानूस तर घालवलात. आता पावती कोन काढनार?"

"दुसरा आणू," आप्पा म्हणाले.

दुसरा आला नाही. आष्टीच्या एका दुरुस्तीवाल्यानं फोनवर विचारलं, सीडी आहे का? नाही म्हटल्यावर तोही गप्प झाला. संघाच्या माणसाचा फोन लागेना. तेवढ्यात शाळेच्या हेडमास्तरांनी मुनव्वरला दिलेलं काम थांबवलं, ही बातमी आली. आप्पांना बरं वाटलं. लोक सावध झाले म्हणायचे.

सोमवार उजाडला. संघाची गाडी आली, ड्रायव्हरनं पावत्या मागितल्या, शहादेवनं हातानं लिहिलेला कागद पुढं केला आणि गाडी तशीच पुढं निघून गेली. भरलेले कॅन ओट्यावर राहिले. ऊन चढायला लागलं तसे लोक आपापलं दूध परत न्यायला लागले. एवढ्या दुधाचं घरी करायचं काय? तापवायला सरपण नाही, विकावं तर घरोघरी दूधच. कुणी आप्पांना काही बोललं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. केशरबाईनं किटली उचलली आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "उद्याबी आसंच का?"

आप्पांना ऑफिसात बसवेना. ते रानाकडं निघाले. विहिरीच्या कडेला त्यांची ज्वारीची एक पट्टी होती. तळाला उरलेलं पाणी कळशीनं घालून त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, ती जगवली होती. आजूबाजूला कुठं दाणा नसल्यानं शिवारातली सगळी पाखरं तिथंच उतरायची. परवाच आप्पा कौतुकानं म्हणाले होते, यंदा पाखरं कमी हायत बुवा. बांधावर पाय ठेवताच त्यांच्या डोळ्यावर लख्ख तिरीप आली. कोण आरसा मारतंय? आप्पांनी डोळ्यावर हात धरला आणि संशयानं चहूकडं बघितलं. माणूस कुणी नव्हतं. पट्टीच्या मधोमध एक बाभळीचा फोक रोवलेला होता, त्याला लुगड्याच्या काठाची चिंधी, आणि चिंधीला टांगलेली एक चकती वाऱ्यावर गरागरा फिरत होती.

आप्पा ज्वारीची ताटं बाजूला सारत जवळ गेले. चकती हातात धरली. तिच्यावर संघाचं नाव छापलेलं होतं.

"मंजुळा!" आप्पा ओरडले.

मंजुळाबाई विहिरीकडून आल्या. "काय झालं वरडायला?"

"ही कुटनं आणली?"

"तुमच्या त्या खोक्यातनं. गोफण फिरवून हात गळून गेलते माझे. म्हनलं, चकाकती, बांदून बगावं. एक पाखरू येत न्हाई बगा."

"मला इचारायचं तरी!"

"आवं, तुमी ते खोकं घरी आणून टाकलं. मला वाटलं घरचंच हाय."

आप्पांना तिथंच मातीत बसावंसं वाटलं. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की इथं कुणी बघितलं तर नाही? समोर विहीर होती. एक हात हलवला की चकती तळाच्या चिखलात, आणि मुनव्वर जन्मभर चोर. हे मनात आलं आणि आप्पांना स्वतःची किळस आली. गेटवर इतकी वर्षं त्यांनी ज्यांचे डबे उघडले, त्यांच्यातल्या एकाच्याही मनात इतकं वाईट आलं नसेल. त्यांनी चिंधी सोडली. मंजुळाबाई म्हणाल्या, "आन् पाखरं?" आप्पांनी डोक्याचा पांढरा रुमाल काढून फोकाला बांधला आणि ते उघड्या डोक्यानं कड्याच्या रस्त्याला लागले.

मुनव्वर दुकानात एकटाच एक रेडिओ खोलून बसला होता. एरवी तिथं बसायला जागा नसायची. आप्पांनी सीडी काउंटरवर ठेवली.

"ज्वारीत व्हती. आमच्या मंडळीनं पाखरासाठी बांदली व्हती. माझं चुकलं, मुनव्वर."

मुनव्वरनं सीडीकडं बघितलं, हात लावला नाही. "मला कावून सांगता? मला तर म्हाईतच व्हतं मी नेली न्हाई."

आप्पांनी सीडी थोडी त्याच्याकडं सरकवली.

"चोर म्हनलात रांगेत. हेबी रांगेतच सांगा. मग येतो."

आप्पा सीडी उचलून तसेच परत आले. वाटेत त्यांच्या मनात शंका आलीच, हा आलाच नाही तर? पण या वेळी त्यांनी ती पुढं जाऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनव्वर आला आणि पिशवी मांडीशी धरून ओट्याच्या कडेला उभा राहिला. रांग होती, पण कॅन निम्मेच. आप्पा दारात आले. त्यांनी सीडी वर धरून सगळ्यांना दाखवली. "सीडी माझ्याच घरी व्हती," ते म्हणाले. "मीच नेलेल्या खोक्यात. मुनव्वरनं काय नेलेलं न्हाई. मी खोटं बोललो."

आप्पांना वाटलं होतं लोक हसतील. लोक नुसते बघत होते. आप्पांनी स्वतः मुनव्वरकडं ज्या नजरेनं बघितलं होतं, तीच नजर आता एवढ्या डोळ्यांत होती. तिचं वजन किती असतं, ते त्यांना आज कळलं.

मुनव्वर आत जाऊन बसला. आप्पांनी पिशवीतून माऊस काढून दिला. सीडीवर उन्हावाऱ्यानं चरे पडले होते. पहिल्यांदा आत घातली तर ती घरघरली आणि अर्ध्यात अडकली. शहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. मुनव्वरनं ती बाहेर काढली, ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसली, शर्टाला कोरडी केली आणि परत घातली. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायला लागली, थांबली, पुन्हा सरकली. मग प्रिंटरनं आळस दिल्यासारखा आवाज केला. केशरबाईच्या म्हशीच्या दुधाचा नमुना मशीनला लावला, आणि तिच्या नावाची पावती बाहेर आली. बाहेर एकदम गलका झाला. गाडीचा हॉर्नही त्याच वेळी फाट्यावरून ऐकू आला.

मुनव्वरनं सीडी पाकिटात घालून शहादेवच्या हातात दिली आणि पिशवी उचलली. दारात आप्पा होते. ते बाजूला सरकले, पण मुनव्वर बाहेर पडला नाही. त्यानं चेन ओढली आणि पिशवी त्यांच्यापुढं उघडी धरली.

"ऱ्हाऊ दे, मुनव्वर."

"न्हाई. बगून घ्या. उद्या तुमाला परत काय आठवलं तर?"

आप्पांना बघावं लागलं. पेचकस, चिकटपट्टी, डबा. त्यांनी चेन स्वतःच्या हातानं लावली. मुनव्वर गाडीवर बसून गेला. जाताना त्यानं मागं बघितलं नाही आणि पुन्हा येतो असंही म्हणाला नाही.

दूध गेलं, रांग पांगली. आप्पांनी नेहमीसारखा शिक्का उचलला, माऊसची वायर काढली, दोन्ही पिशवीत टाकलं आणि ते निघाले. दारात केशरबाई रिकामी किटली घेऊन उभी होती. ती हलली नाही.

"आप्पा, पिशवी," ती म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती. आप्पांनी शहादेवकडं बघितलं. शहादेव नजर चुकवत नव्हता. आप्पांनी पिशवीचं तोंड उघडून पुढं धरलं. केशरबाईनं आत हात घातला, शिक्का काढला, मग वायरीसकट माऊस बाहेर काढला आणि दोन्ही शहादेवच्या टेबलावर ठेवलं.

"हे सोसायटीचं हाय," ती म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ द्या."